कॅरेक्टर ॲनिमेशन शिकायचंय. नाशिकमध्ये राहून सुरुवात कुठून करू?

गोदाकाठची

नमस्कार. मी टी.वाय.बी.कॉम.ला आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड होती, पण अकरावीनंतर चित्रकला सुटली. गेल्या दिवाळीत चुलतभावाच्या लॅपटॉपवर ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर पाहिलं आणि एका चौकोनी डब्याला उडी मारायला लावली. उडी साधीच होती. पण उडी मारण्याआधी डबा किंचित खाली दबला आणि त्या क्षणी तो काहीतरी ठरवतोय असं वाटलं. तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही.

कॉलेज रोडवरच्या एका संस्थेत चौकशी केली. दोन वर्षांचा कोर्स, अडीच लाखांच्या वर फी, आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट'. बाबा सातपूरला कंपनीत आहेत. ते नाही म्हणत नाहीत, फक्त विचारतात की दोन वर्षांनी तू नक्की काय काम करणार. मला त्याचं उत्तर देता येत नाही. या क्षेत्रातलं कोणी इथे असेल तर सांगाल का? कोर्स करू की घरी शिकू? मुंबई-पुण्याला जावंच लागतं का? आणि चित्रकला चार वर्षं सुटलेली असताना हे जमेल का?

पंचवटी_२४फ्रेम

मी मूळचा पंचवटीचा. चौदा वर्षं मुंबईत थ्रीडी ॲनिमेटर होतो, आधी लहान मुलांच्या मालिका, नंतर गेम. गेली तीन वर्षं इंदिरानगरच्या घरून काम करतोय. तू म्हटलं तर चालेल ना? माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

आधी फीचं बोलतो, कारण तिथेच घरं अडकतात. त्या संस्थेत जाऊन विचार की गेल्या वर्षी बाहेर पडलेल्यांपैकी कॅरेक्टर ॲनिमेटर म्हणून किती जण लागले, आणि त्यांचे शोरील, म्हणजे निवडक कामाचे छोटे व्हिडिओ, बघायला माग. 'इंडस्ट्रीत लागले' या उत्तरावर समाधान मानू नकोस. बऱ्याच ठिकाणी प्लेसमेंट म्हणजे रोटोचं काम असतं. त्यात शूट झालेल्या दृश्यात फ्रेममागून फ्रेम नटाच्या कडेने रेघ आखायची आणि त्याला मागच्या दृश्यापासून वेगळं काढायचं. ते मेहनतीचं काम आहे, त्यावर अनेकांची घरं चालतात. पण तो वेगळा रस्ता आहे. दिवसभर रोटो करून रात्री ॲनिमेशनचा सराव करणारे मी पाहिलेत आणि त्यातले थोडेच या बाजूला येऊ शकले.

दुसरं, अभ्यासक्रम नीट वाच. दोन वर्षांत मॉडेलिंग, टेक्स्चरिंग, लायटिंग, एडिटिंग, कंपोझिटिंग सगळं बसवायचं म्हटलं की ॲनिमेशनच्या वाट्याला तीन-चार महिने उरतात. मी असाच कोर्स केला होता. वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून फी भरली. बाहेर पडलो तेव्हा शोरीलमध्ये एक गोल फिरणारी गाडी, एक वाडा आणि एका माणसाची चाल होती, आणि त्या चालीत पाय जमिनीवर घसरत होते. सहा महिने कुठूनही फोन आला नाही. त्यानंतर मी आठ महिने घरी बसून फक्त चेंडू, लंबक, शेपटी आणि चाल इतकंच केलं. नोकरी त्या आठ महिन्यांनी दिली.

स्टुडिओत तुझं सर्टिफिकेट कोणी मागत नाही. टीमचा लीड, म्हणजे प्रमुख, शोरील उघडतो आणि पहिल्या दहा सेकंदांत त्याला कळतं की या मुलीला वजन समजतं की नाही.

आता वजन म्हणजे काय ते सांगतो. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमवर चालतो. हातातून सुटलेली वस्तू अर्ध्या सेकंदात, म्हणजे १२ फ्रेममध्ये, सुमारे १.२ मीटर खाली येते. पूर्ण सेकंदात ४.९ मीटर. म्हणजे वेळ दुप्पट झाला की अंतर चौपट होतं. त्या सेकंदाचे सहा-सहा फ्रेमचे चार तुकडे केलेस तर प्रत्येक तुकड्यातलं अंतर १, ३, ५, ७ अशा प्रमाणात वाढत जातं. याचा अर्थ वरच्या टोकाला चेंडूच्या जागा एकमेकींना खेटून असतात आणि जमिनीजवळ लांब-लांब. याला स्पेसिंग म्हणतात. किती फ्रेम लागल्या ते टायमिंग. नवीन मुलं टायमिंग बरोबर देतात आणि स्पेसिंग सगळीकडे सारखं ठेवतात. मग चेंडू पडत नाही, दोरीने खाली सोडल्यासारखा दिसतो.

यातूनच आकारही कळतो. लहान मुलाच्या हातून पडलेला चेंडू १२ फ्रेममध्ये जमिनीला टेकला तर डोळ्यांना पटतं. त्यालाच २४ फ्रेम दिल्यास तर बघणाऱ्याला वाटतं की तो सोळा फुटांवरून पडलाय, नाहीतर मूल राक्षसाएवढं आहे.

एक काम कर. रंगपंचमीला शनी चौकात किंवा तिवंधा चौकात रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जुना हौद, उघडेल तेव्हा फोन घेऊन जा. त्यात धप्पा, म्हणजे उडी, मारणाऱ्या माणसांचं शूटिंग कर आणि घरी येऊन एक-एक फ्रेम पुढे सरकवत बघ. उडीआधी माणूस गुडघ्यात किती वाकतो, हात मागे कधी जातात, नजर पाण्याकडे आधी जाते की शरीर आधी झुकतं. जो घाबरलाय तो दोनदा वाकतो आणि दोनदा थांबतो. जो दरवर्षी उडी मारतो त्याचं वाकणं चार-पाच फ्रेममध्ये आटोपतं. उडी तीच असते, पण हा माणूस कोण आहे हे उडीआधीच समजतं. तुझा डबा खाली दबला तेव्हा तुला जे दिसलं ते हेच. त्याला अँटिसिपेशन म्हणतात. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली आपल्या पुस्तकात ॲनिमेशनची जी बारा तत्त्वं मांडली त्यातलं हे एक. बाराही तत्त्वं पाठ करण्यात आठवडा घालवू नकोस. एक घे आणि रस्त्यावर शोध.

फोनवर शूट करताना एक काळजी घे. बरेच फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतात, आणि काही तर मध्येच तो दर कमी-जास्त करतात. तो व्हिडिओ तसाच २४च्या फाइलमध्ये टाकून फ्रेम मोजल्यास तर सगळा हिशोब चुकेल. आधी २४ला बदलून घे.

बाकीच्या प्रश्नांवर रात्री लिहितो. आत्ता रिव्ह्यू आहे.

तालीम_संपली_चहा

मी नाटकवाला आहे, संगणकातलं काही कळत नाही. पण वरचा रहाडीचा परिच्छेद वाचून राहवलं नाही, कारण तालमीत आम्ही हेच करतो. नवीन नट वाक्य म्हणतानाच हात हलवतो. जुना नट आधी ऐकतो, त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलतं, मग वाक्य येतं. गोदाकाठची, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की येऊन एका कोपऱ्यात बस. वही घेऊन ये. परशुराम साईखेडकर नाट्यगृहात प्रयोग असतील तेही बघ, आणि बोलणाऱ्या नटाकडे बघू नकोस, ऐकणाऱ्याकडे बघ.

पंचवटी_२४फ्रेम

तालीमवाले दादा, ऐकणाऱ्याकडे बघा हे तुम्ही फार मोलाचं सांगितलंत. आमच्याकडे दोन पात्रांचा शॉट आला की नवीन मुलं बोलणाऱ्यावर चार दिवस घालवतात आणि ऐकणारा पुतळ्यासारखा उभा राहतो.

गोदाकाठची, आता राहिलेलं.

सॉफ्टवेअर: ब्लेंडर फुकट आहे आणि कामाचं आहे. २०२५ साली ज्या लाटवियन चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं, तो ब्लेंडरमध्ये बनला होता. मोठे स्टुडिओ अजून बहुतांशी माया या सॉफ्टवेअरवर चालतात. विद्यार्थ्यांना मायाचा शैक्षणिक परवाना फुकट मिळतो, तेव्हा कॉलेज संपायच्या आत त्याची माहिती काढ. पण सुरुवातीला काहीही चालेल. ग्राफ एडिटरमधली, म्हणजे हालचालीच्या आलेखातली, वक्ररेषा वाचता आली की सॉफ्टवेअर बदलायला महिना-दीड महिना लागतो. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर सरावाचं काम होतं. रेंडर करत, म्हणजे प्रकाश-सावलीसकट अंतिम चित्रं काढत, बसू नकोस. व्ह्यूपोर्टचा, म्हणजे काम करताना दिसणाऱ्या खिडकीचा, व्हिडिओ काढून दाखवलास तरी पुरे.

पात्र स्वतः बनवू नकोस. इथे मुलांची वर्षं जातात. ब्लेंडर स्टुडिओने रेन, स्नो अशी तयार पात्रं हाडांच्या सांगाड्यासकट, म्हणजे रिगसकट, मोफत दिलेली आहेत. ती घे आणि कामाला लाग.

क्रम असा ठेव: रबरी चेंडू, लोखंडी गोळा, दोन्ही एकाच चौकटीत. मग शेपटीवाला चेंडू. मग नुसते दोन पाय आणि कंबर असलेली चाल. साधी चाल एका पावलाला १२ फ्रेमची धर: टाच टेकते, शरीर खाली बसतं, मागचा पाय पुढच्याला ओलांडतो, शरीर वर उचललं जातं. 'खाली बसणं' नसेल तर माणूस तरंगत जातो. त्यानंतर जड खोकं उचलणारा माणूस. सर्वात शेवटी संवाद.

चाल पुरी झाली की तिच्यात माणूस घाल. रविवार कारंजाजवळ संध्याकाळी अर्धा तास उभी राहा. भाजीची जड पिशवी उजव्या हातात असलेली बाई डाव्या बाजूला झुकते, मोकळा हात शरीरापासून लांब ठेवते आणि पावलं आखूड टाकते. आता तिला कोणीतरी मागून हाक मारली तर? आधी डोळे वळतील, मग मान, मग खांदा, आणि पिशवीचा हात सर्वात शेवटी, कारण तो जड आहे. एवढा तीन सेकंदांचा शॉट नीट जमला तर मी तो माझ्या लीडला स्वतः दाखवीन.

चित्रकलेचं विचारलंस. थ्रीडीत सुबक चित्र लागत नाही. पण शॉट सुरू करण्याआधी कागदावर दोन-दोन इंची काडीमाणसं काढून पोझ ठरवता आली तर संगणकावरचे दोन दिवस वाचतात. रोज वीस चित्रं, प्रत्येकी अर्धा मिनिट. बस स्टँडवर बसून काढ. इंटरमिजिएटचा हात आहे तुझा, महिनाभरात परत वळेल.

पांडवलेणी

थोडं वेगळं, पण नाशिककरांना ठाऊक असावं म्हणून लिहितोय. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०चा. चित्रपट काढायला भांडवल हवं होतं तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढताना थोडं-थोडं चित्रित केलं. पडद्यावर ते रोप बघता-बघता वाढलं. ती छोटी फीत निवडक लोकांना दाखवली आणि त्यातून पैसे उभे राहिले. हे १९१२चं. पुढे त्यांनी आपला चित्रपटांचा कारखाना नाशिकला आणला आणि १९१५च्या सुमारास आगकाड्या एक-एक फ्रेम सरकवून 'आगकाड्यांची मौज' केली. ती फीत आज उपलब्ध नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे जाताना मला नेहमी त्या आगकाड्या आठवतात. वर शोरीलचं वाचलं आणि वाटाण्याचं रोप डोळ्यांपुढे आलं.

आणि १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला तेव्हा डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स इथल्या मंडळींना शिकवायला आले होते. पुढे भारतीय ॲनिमेशनमधलं मोठं नाव झालेले राम मोहन त्यांच्याच हाताखाली तयार झाले. काम बघून चूक सांगणारं माणूस तेव्हाही लागलंच.

कसाऱ्यापलीकडे

मी नाशिकरोडची, सध्या हैदराबादला गेम स्टुडिओत. महिना चौदा हजार पगारावर सुरुवात केली, मीरा रोडला चौघी एका खोलीत राहत होतो. पहिलं दीड वर्ष घरून पैसे मागवावे लागले. हे बाबांना आधीच सांग, नंतर कळलं की जास्त लागतं.

गोदाकाठची, गेमचाही विचार कर. चित्रपटात पात्र एकाच कॅमेऱ्यातून दिसतं, गेममध्ये खेळणारा चारही बाजूंनी बघतो. शिवाय बटण दाबल्याबरोबर हल्ला व्हायला हवा, त्यामुळे रहाडीसारखं सावकाश वाकणं आम्हाला परवडत नाही, दोन-तीन फ्रेममध्ये तेच सांगावं लागतं. धावण्याचं चक्र, उभं राहण्याचं चक्र, ही बारीक कामं आहेत. मला ती मनापासून आवडतात.

आणि नोकरीची खात्री कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नकोस. २०२५च्या फेब्रुवारीत टेक्निकलरसारखा व्हीएफएक्स आणि ॲनिमेशन करणारा, जगभर पसरलेला समूह कोसळला. बेंगळुरू आणि मुंबईतल्या माणसांचं कामही एका झटक्यात गेलं. त्यात माझी एक मैत्रीण होती. तिने तीन महिन्यांनी दुसरीकडे काम मिळवलं, तेही जुन्या सहकाऱ्याने नाव सुचवलं म्हणून. तेव्हा कामाबरोबर माणसंही जप.

अजून एक. नोकरी देण्यासाठी अनामत रक्कम मागणारा, किंवा मूळ मार्कशीट ठेवून घेणारा स्टुडिओ दिसला तर उठून ये. माझी मूळ मार्कशीट एका ठिकाणी अकरा महिने अडकली होती. परत मिळवताना झालेला मनस्ताप मी विसरलेले नाही. टेस्ट म्हणून एखादा छोटा शॉट मागणं रीतीचं आहे. टेस्टच्या नावाखाली अर्धा मिनिट काम मागत असतील तर ते फुकटचं काम आहे.

सिडको_पालक

माझा मुलगा बारावीला आहे, तोही हेच म्हणतोय. दोन शंका. पदवी कुठली करावी? आणि एआय आल्यावर हे काम राहील का? उत्तर मोकळेपणाने द्या, गोड बोलू नका.

पंचवटी_२४फ्रेम

काका, पदवीचं सोपं आहे. बारावीवाल्यांना एनआयडीची (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) प्रवेश परीक्षा आणि आयआयटीसारख्या ठिकाणच्या डिझाइन पदवीसाठीची यूसीड परीक्षा देता येते. पदवीनंतर आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, ॲनिमेशनचा एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) आहे, त्यासाठी सीड ही प्रवेश परीक्षा. गोदाकाठची, तुलाही बी.कॉम.नंतर सीड देता येते, फक्त प्रवेशाच्या अटी आधी नीट बघून घे. जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी, पण तिथे सिनेमा म्हणून विचार करायला शिकवतात. मुंबईत २०२५ साली केंद्राची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली आहे, तिच्याकडेही लक्ष ठेवा. यातलं काही जमलं नाही तर कुठलीही साधी पदवी पुरी करा. परदेशी स्टुडिओत व्हिसाच्या वेळी पदवी कामी येते, हे मी मित्रांच्या बाबतीत पाहिलंय.

एआयचं मला रोज दिसतं तेवढंच सांगतो. आमच्या टीममध्ये पूर्वी चार ज्युनियर होते, आता दोन आहेत. साध्या व्हिडिओवरून पात्राची हालचाल काढून देणारी साधनं आलीत आणि आम्ही ती वापरतो. त्यातून जे येतं त्यात पाय घसरतात, कंबरेला वजन नसतं, हात वस्तूला धड टेकत नाहीत. ते दुरुस्त करायला वजन कळणाराच माणूस लागतो. पण आधी दुरुस्तीच्या कामावर नवीन मुलं लागायची आणि तिथेच शिकायची. ती पहिली पायरी अरुंद झालीय, हे खरं आहे. म्हणून मुलाने पहिल्या नोकरीत शिकेन असं धरून चालू नये. आता दाराशी पोचतानाच शोरील पूर्वीपेक्षा वरच्या दर्जाचं लागतं. दीड-दोन वर्षं घरात सराव करू देण्याची ऐपत आणि तयारी आहे का, हे तुम्ही दोघांनी बसून बोला.

सिडको_पालक

आभारी आहे. रविवारी बसतो त्याच्याबरोबर.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. चौदा हजार आणि दीड वर्षाचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, अडीच लाख फी देण्यापेक्षा लॅपटॉप घेऊ आणि तू बी.कॉम. पुरं कर, सीडचा फॉर्म भर. वर्षाने मी कुठे पोचलेय ते बघून पुढचं ठरवायचं. एक अट घातलीय: दर महिन्याच्या शेवटी त्यांना काम दाखवायचं. कंपनीत ते लोखंडी पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर असतात. चेंडूचा व्हिडिओ बघून म्हणाले, हा लोखंडी वाटत नाही, लोखंड टेकल्यावर इतकं उसळत नाही. खरंच होतं ते.

आता प्रश्न. रबरी चेंडू आणि लोखंडी गोळा दोन्ही पुन्हा केलेत, लिंक खाली दिलीय. रबरी चेंडू उसळून वर गेल्यावर तिथे अडकल्यासारखा दिसतो. आकडे बघितले तर बरोबर वाटतात. कुठे चुकतंय?

पंचवटी_२४फ्रेम

बाबांना माझा नमस्कार सांग. गोळ्याबद्दल त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि नव्या व्हिडिओत तो गोळा आता जड वाटतोय.

चेंडूचं बघितलं. दुसऱ्या उसळीत, फ्रेम ३१ ते ३५, चेंडू जवळपास एकाच जागी आहे. ग्राफ एडिटर उघड. वरच्या टोकाला तू दोन की, म्हणजे ठरावीक फ्रेमला पक्क्या केलेल्या जागा, दिल्या आहेस, त्यामुळे वक्ररेषा तिथे सपाट झालीय. एकच की ठेव, तिचे दोन्ही हँडल, म्हणजे रेषेचा बाक ठरवणाऱ्या दांड्या, आडवे आणि सारख्या लांबीचे कर. जमिनीवरच्या कीचे हँडल मात्र तोड, तिथे रेघ इंग्रजी व्ही अक्षरासारखी टोकदार हवी. आणखी एक, तू चेंडू जमिनीला टेकायच्या दोन फ्रेम आधीपासून चपटा केलायस. हवेत असताना तो वेगाच्या दिशेने थोडा लांबट हवा, चपटा फक्त टेकल्याच्या फ्रेमला. आणि चपटा होताना बाजूने तितकाच फुगला पाहिजे, नाहीतर त्यातलं रबर कमी झाल्यासारखं वाटतं.

हे करून शनिवारपर्यंत टाक. मग शेपटी लावू.

गोदाकाठची

एक की काढली. सुटला चेंडू! चपट्याचं आज रात्री करते.